तीस पावलांवरचा कॉम्प्युटर

ही घटना खरी आहे. पटवून घ्या असा माझा आग्रह नाही, पण ज्यांच्याबरोबर हे झालं ती माणसं आजही जिवंत आहेत. निदान दोघं तरी.

यात अमावास्या नाही. स्मशान नाही, पिंपळ नाही, पडकी विहीर नाही.

जे झालं ते नाशिकला, इंदिरानगरात, भर दुपारी दोनला दहा मिनिटं कमी असताना. खाली ड्रायफ्रूटचं दुकान, वर ऑफिस. ट्यूबलाइट चालू, एसी चालू, नुकत्याच उघडलेल्या डब्यांचा वास. अशा ठिकाणी कोण घाबरतं?

अमोल माझा सख्खा आत्येभाऊ. त्याने हे मला एकदाच सांगितलं, तेही सगळं, एका दमात. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, "मी असं काही बोललोच नाही." त्याला काखा वर करायला लहानपणापासून छान जमतं. पण यातला शेवटचा भाग मी स्वतः बघितला आहे. म्हणून लिहितोय.

अमोल एका छोट्या कंपनीत सपोर्टला होता. कंपनी शाळांना सॉफ्टवेअर द्यायची. हजेरी, दाखले, निकाल, सगळं त्यात. एखाद्या शाळेत काही अडलं की तिथला क्लार्क फोन करायचा. त्याच्या तक्रारीचं एक 'तिकीट' निघायचं. ते तिकीट ज्याच्या नावावर, त्या शाळेचा फोन फक्त त्याच्याच हेडफोनमध्ये वाजायचा.

मग समोरच्याला पायरी पायरीने सांगत बसायचं. लाल चिन्हावर दोनदा क्लिक करा. नऊ आकडी नंबर दिसेल, तो वाचून दाखवा. आता तुमच्या स्क्रीनवर एक चौकट येईल, तिच्यात 'अ‍ॅक्सेप्ट' दाबा. ते दाबलं की तिकडचा कॉम्प्युटर अमोलला इथे बसून दिसायचा, चालवता यायचा.

पण ती चौकट अर्धाच मिनिट थांबते. तेवढ्यात दाबलं नाही तर निघून जाते, आणि पुन्हा पाठवावी लागते.

अमोल कामात हुशार होता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्याचा कारभार. म्हाताऱ्या क्लार्कचा फोन आला की आवाज म्यूट करून त्यांची नक्कल करायचा. शेजारच्या टेबलावरचा वाल्मीक पोट धरून हसायचा. हसायला माणूस असलं की अमोलला चेव चढतो, हे आमच्या घरातही सगळ्यांना माहीत आहे.

समोरच्या टेबलावर हर्षाली बसायची. चांदवडची. वडील नाहीत, आई नवसाबाई खळ्यावर कांदा निवडायला जाते. हर्षालीला नोकरीला लागून चार महिने झाले होते आणि तिला पर्मनंट करायचं की नाही, याचा रिपोर्ट अमोल लिहिणार होता. त्यामुळे तीनच वर्षांनी मोठ्या माणसाला ती 'सर' म्हणायची आणि सांगितलेलं काम 'का' न विचारता करायची.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. मंगळवार.

दीड वाजता अमोलच्या हेडफोनमध्ये फोन वाजला. हरसूलच्या पुढे डोंगरात एक निवासी शाळा आहे, तिथून. फोन काळूकाकांचा. काळूकाका वीस वर्षं त्या शाळेत शिपाई होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिली तेव्हा त्यांना क्लार्कच्या खुर्चीत बसवलं होतं. कॉम्प्युटर कसा हाताळायचा ते कुणी धड शिकवलं नव्हतं. शाळेच्या सगळ्या किल्ल्या मात्र अजून त्यांच्याच कमरेला असायच्या.

"साहेब, हजेरी चढंना. दोनच्या आत चढवायची हाय. नायतर मुख्याध्यापक लय बोलत्यात."

मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. जेवणाची सुट्टी असावी. ताटांचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय.

अमोलने नऊ आकडी नंबर मागितला.

"थांबा साहेब, बघून येतो."

किल्ल्या वाजल्या. खळ्‌ खळ्‌ खळ्‌... लांब गेल्या. मग परत जवळ आल्या.

"बघून येतो म्हणजे? कॉम्प्युटरसमोर बसून बोला ना."

"आत रेंज नाय साहेब. फोन व्हरांड्याच्या टोकालाच लागतो. कॉम्प्युटर शेवटल्या खोलीत हाय."

"किती लांब?"

"असतील तीस पावलं."

अमोलने वाल्मीककडे बघून डोळा मारला... आणि फोन स्पीकरवर टाकला.

"काका, चौकट पाठवली. अर्ध्या मिनिटात दाबायची. पळा."

काळूकाका पळाले. किल्ल्या खळखळत गेल्या. थोड्या वेळाने खळखळत आल्या.

"गेली साहेब. मी पोचलो तवर गेली."

"मग जोरात पळायचं ना. परत पाठवतो. पळा."

हर्षालीने मान वर केली. चौकटीची वेळ इकडून वाढवता येते. सेटिंगमध्ये जायचं, अर्ध्याची तीन मिनिटं करायची, झालं. दहा सेकंदांचं काम. ती म्हणाली, "सर, वेळ वाढवून द्या ना त्यांना."

"मॅडम, तुमचं तिकीट बघा तुम्ही."

तिने मान परत स्क्रीनकडे वळवली.

अकरा वेळा. अमोलने मला स्वतः सांगितलं, अकरा वेळा पळवलं. वाल्मीक कागदावर रेघा ओढत होता. सातव्या वेळेला काळूकाका म्हणाले, "साहेब, वाईच दम घेतो." अमोल म्हणाला, "दम दोन वाजल्यावर घ्या. हजेरी कुणाची चढायची राहिलीय, माझी का तुमची?"

नवव्या वेळेपासून ते बोलायचे बंद झाले. नुसता श्वास यायचा. आणि किल्ल्या.

बाराव्या वेळेला किल्ल्या गेल्या...

आणि चौकट स्वीकारली गेली. शाळेचा कॉम्प्युटर अमोलच्या स्क्रीनवर उघडला. दोनला दहा मिनिटं कमी होती.

"सुटलो बाबा," अमोल म्हणाला आणि कामाला लागला. काम तीन मिनिटांचं. पण तिकडचा माऊस सारखा मध्ये येत होता. बाण स्क्रीनवर थरथरत होता, छोटे छोटे गोल काढत होता. एका ठिकाणी थांबतच नव्हता. अमोलला वाटलं, म्हातारा उगाच हात लावतोय. त्याने स्क्रीनवर टाईप केलं, माऊस सोडा.

बाण थरथरत राहिला.

त्याने परत टाईप केलं, मोठ्या अक्षरात. माऊसला हात लावू नका.

बाण हळूहळू कोपऱ्यात घसरला... आणि थांबला.

अमोलने हजेरी चढवली, तिकीट बंद केलं. फोन चालूच होता. पलीकडे पोरांचा गलका होता, किल्ल्या नव्हत्या. कुणी परत फोनपाशी आलं नव्हतं. "उपकार मानायची पद्धतच नाही लोकांना," असं म्हणून त्याने कॉल कापला.

गुरुवारी मुख्याध्यापकांचा फोन आला. निकालाच्या पानाबद्दल काहीतरी विचारायचं होतं. बोलता बोलता म्हणाले, "आमचे काळूभाऊ गेले हो मंगळवारी. खुर्चीतच गेले. हात तसाच माऊसवर होता. तुमच्याशीच बोलत होते ना शेवटी?"

अमोल म्हणाला, "अरेरे. नाही, माझं काम झालं होतं तोपर्यंत."

फोन ठेवून त्याने वाल्मीकला सांगितलं. वाल्मीकने तो रेघांचा कागद चुरगाळून टाकला आणि चहा प्यायला गेला. हर्षालीने ऐकलं. ती डबा न उघडताच तशीच बसून राहिली.

शुक्रवार. दुपार. दोनला दहा.

अमोलच्या हेडफोनमध्ये फोन वाजला. स्क्रीनवर तेच तिकीट... मंगळवारी बंद केलेलं. आता उघडं.

त्याने फोन घेतला. "बोला."

कुणी बोललं नाही. गलका नव्हता, ताटं नव्हती. भर दुपारी निवासी शाळेतून फोन आलाय आणि एक पोर ओरडत नाही. नुसती मोकळी हवा वाहत होती.

मग फार लांबून...

खळ्‌.

आणि फोन कटला.

अमोलने मुख्याध्यापकांना विचारलं, काळूकाकांचा फोन कुणाकडे आहे? ते म्हणाले, "त्यांच्या पोराकडे दिला. बंदच पडलाय तो, कपाटात ठेवलाय म्हणत होता."

शनिवारी दोनला दहा. खळ्‌ खळ्‌ खळ्‌. तीन पावलं.

सोमवारी सहा. मंगळवारी नऊ.

अमोलने तिकीट बंद करून पाहिलं. दुपारी परत उघडं. हेडफोन बदलला. जागा बदलली. एक दिवस मुद्दाम जेवायला बाहेर गेला, जॉगिंग ट्रॅकपाशी गाडी लावून बसला. दोनला दहा मिनिटं कमी असताना त्याच्या खिशातल्या मोबाईलवर फोन आला. तो नंबर शाळेकडे नव्हता. कुठल्याच क्लायंटकडे नव्हता.

त्या दिवशी पावलं पंधरा झाली होती.

हिशोब कळायला अमोल काही मठ्ठ नव्हता. कुणीतरी शेवटच्या खोलीतून निघालं होतं आणि फोनकडे येत होतं. रोज तीन पावलं. तीस पावलं झाली की...

पुढचं त्याला माहीत नव्हतं. मलाही नाही. पण त्याची झोप उडाली. आत्या सांगायची, पोरगा जेवताना मध्येच थांबतो आणि कान देतो. घरातल्या सगळ्या किल्ल्या त्याने एका डब्यात भरून माळ्यावर टाकल्या होत्या. कुणी कुलूप उघडायला मागितल्या की अंगावर यायचा.

सत्तावीस पावलांच्या दिवशी श्वास ऐकू आला. अगदी फोनच्या तोंडाशी.

"साहेब..."

अमोलने हेडफोन काढून फेकला.

आवाज थांबला नाही.

खळ्‌ खळ्‌ खळ्‌... आता हेडफोनमध्ये नाही. ऑफिसच्या बाहेर, जिन्यात.

वाल्मीकला काही ऐकू येत नव्हतं. तो मोबाईलवर क्रिकेट बघत होता. अमोल उठला, दाराला आतून कडी लावली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. पलीकडून दार कुणी ढकललं नाही. कुणीतरी नुसतं उभं होतं आणि दम घेत होतं. खूप पळून आलेला माणूस गुडघ्यांवर हात ठेवून जसा घेतो, तसा. दोन वाजले आणि ते थांबलं.

आता एकच दिवस राहिला होता.

इथे माझ्या भावाची हुशारी बघा. रात्रभर त्याने डोकं चालवलं आणि सकाळी त्याला उपाय सापडला. फोन तिकिटाच्या मागे येतो. तिकीट ज्याच्या नावावर, फोन त्याला. मग तिकीट दुसऱ्याच्या नावावर वळवायचं. कंपनीत हे रोज चालायचं, दिवसातून दहा वेळा. नाव निवडायचं, बटण दाबायचं.

आधी त्याला वाल्मीक सुचला. पण वाल्मीकने विचारलं असतं, का रे, तुझं तिकीट मला का? वाल्मीकला त्या रेघा आठवल्या असत्या.

हर्षालीने विचारलं नसतं.

दीड वाजता त्याने तिकीट तिच्या नावावर वळवलं. खाली एक ओळ लिहिली, क्लायंट वयस्कर आहेत, सांभाळून घ्या.

ही ओळ त्याने मला सांगितली तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याला त्या ओळीत काही वावगं वाटत नव्हतं.

वळवलेलं तिकीट परत घ्यायची सोय असते. पण ते ज्याने वळवलं त्यालाच घेता येतं. अमोलच्या स्क्रीनवर त्या तिकिटापुढे एक छोटा बाण आला. तो दाबला की तिकीट परत त्याच्याकडे.

दोनला दहा मिनिटं कमी झाली.

अमोलचा हेडफोन गप्प राहिला. सुंठीवाचून खोकला गेला, असं त्याला वाटलं. मग समोर हर्षालीच्या टेबलावर फोन वाजला.

"नमस्कार, हर्षाली बोलतेय. बोला काका."

अमोलला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. फक्त तिचं.

"हो काका, ऐकतेय... नाही नाही, पळू नका. कशाला पळताय? सावकाश या."

ती थांबली. ऐकत होती.

"चौकट कुठे जात नाही काका. मी वेळ वाढवलीय. तुम्ही चालत या... दम लागलाय तुम्हाला. बसा थोडं... हो. मी आहे ना. तुम्ही येईपर्यंत मी फोन ठेवत नाही."

अमोल खुर्चीतून अर्धवट उठला. तिला सांगायला हवं होतं, हर्षाली, हेडफोन काढ, आत्ताच्या आत्ता काढ. एवढं एक वाक्य. किंवा तो बाण दाबायचा. माऊस त्याच्या हातात होता.

तो परत बसला.

जिन्यात किल्ल्या वाजल्या. या वेळी पळत नव्हत्या. सावकाश, एकेक पायरी. दार उघडंच होतं. आत कुणी आलं नाही... पण आवाज आला. अमोलच्या टेबलापाशी आला.

थांबला.

किती वेळ थांबला ते त्याला सांगता आलं नाही. त्याने डोळे घट्ट मिटले होते. मग किल्ल्या पुढे गेल्या.

"आलात?" हर्षाली म्हणाली. "बसा काका. झालं सगळं. आता नाही पळायचं."

अमोलने डोळे उघडले. हर्षाली हसत होती. तिच्या शेजारची रिकामी खुर्ची थोडी मागे सरकलेली होती. आणि तिच्या स्क्रीनवर, जिथे कधीच यायला नको, तिथे ती चौकट आली होती. परवानगी मागणारी. आत येऊ का विचारणारी.

दिवसातून चाळीस वेळा ती लोकांना तेच सांगायची. चौकट आली की अ‍ॅक्सेप्ट दाबा. हात सवयीने गेला असेल. की तिने जाणूनबुजून दाबलं? अमोल म्हणतो, तिने आधी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं, मग दाबलं.

किल्ल्यांचा आवाज बंद झाला.

हर्षाली तशीच बसून राहिली. हसू चेहऱ्यावर होतं, पण ते तिथेच राहून गेलं होतं. सहा वाजता सगळे निघाले तरी उठली नाही. वाल्मीकने हलवलं, हाका मारल्या. तिचा उजवा हात माऊसवर होता आणि माऊस छोटे छोटे गोल काढत होता. हेडफोन काढायला गेलं की दात ओठ खाऊन धरून ठेवायची, असं वाल्मीक सांगतो.

दवाखान्यात दहा दिवस काढले. मेंदूचे फोटो झाले, रक्त झालं. काही सापडलं नाही. मानसिक ताण आहे, घरी न्या, आराम द्या. नवसाबाई तिला चांदवडला घेऊन गेल्या.

कंपनीतून तिला भेटायला अमोललाच पाठवलं. रिपोर्ट तोच लिहायचा ना. नवसाबाईंनी त्याला खुर्ची दिली, हातात चहा दिला.

"सर, लय तुमचं नाव घ्यायची पोरगी. सर असं शिकवत्यात, सर तसं सांगत्यात. तुमचं ऐकायची ती. दोन शब्द बोला तिच्याशी. तिकडं काही झालं होतं का हो? कुणी बोललं बिललं का तिला?"

"नाही मावशी," अमोल म्हणाला. "काहीच नाही झालं."

तेवढ्यात आतून हर्षाली बाहेर आली. त्याच्याकडे न बघता अंगणात उतरली आणि चालायला लागली. दारापासून कडुलिंबापर्यंत. तिथे थांबायची, वळायची. परत दारापर्यंत. भिंतीवरचं घड्याळ त्याने बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"रोज ह्याच टायमाला," नवसाबाई म्हणाल्या. "दिवस मावळेपर्यंत. मी मोजती बसून. तीस जाती, तीस येती. एक कमी नाही, एक जास्त नाही."

अमोल चहा अर्धा टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात लवकर आला. ते तिकीट उघडलं. हर्षालीच्या नावाखाली तसंच होतं, उघडं. पुढे बाण. त्याने माऊस बाणावर नेला. तो म्हणतो, मी खरंच दाबणार होतो. असेलही. माणूस अगदीच दगड नसतो.

पण माऊस बाणावर गेला आणि जिन्यात...

खळ्‌.

एकदाच. कुणीतरी उठून उभं राहिल्यासारखं.

अमोलने माऊस बाजूला घेतला. दुपारपर्यंत राजीनामा टाईप करून दिला. महिनाभरात पुण्याला दुसरी नोकरी लागली. पगार जास्त, शनिवार रविवार सुट्टी, आणि फोन घ्यावे लागत नाहीत.

हे सगळं त्याने मला दिवाळीत सांगितलं, आमच्या गच्चीवर. मी त्याला तेव्हाच म्हणालो होतो, तू माणूस आहेस का कोण आहेस? तो म्हणाला, "तू असतास तर काय केलं असतंस?" मी भांडलो. पण त्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, हेही खरं.

डिसेंबरात मला चांदवडला काम निघालं. राहवलं नाही. विचारत विचारत घर शोधलं. मी अमोलचा भाऊ आहे म्हटल्यावर नवसाबाईंनी आधी पाणी आणून दिलं.

"सरांचा फोन लागत नाही हल्ली. बिझी असतील. लय चांगला माणूस. एवढ्या लांबून भेटायला आलते. त्यांना म्हणावं, अजून एकदा या. बाकी कुणाचं नाही, पण त्यांचं ऐकंल ती."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

अंगणात हर्षाली होती. दारापासून कडुलिंबापर्यंत जमिनीवर पायांनी एक वाट पडली होती, गवत नसलेली, पांढरी. तिचे तळवे फुटले होते. नवसाबाईंनी फडकी बांधली होती, ती लाल झाली होती.

आणि ती चालत नव्हती.

"आधी चालायची," नवसाबाई म्हणाल्या. "दसऱ्यापासून पळती. खाटेला बांधून बघितलं मी. बांधलं तरी पाय तसेच पळत्यात खाटेवर. ते बघवंना म्हणून सोडती. आणि दारापाशी आली की काहीतरी म्हणती. काय गेली, काय पाठवा, मला बाईला काही कळत नाही."

मी दारापाशी जाऊन उभा राहिलो. हर्षाली कडुलिंबापासून वळली आणि पळत आली. केस सुटलेले. तोंड उघडं. कमरेला काही नव्हतं, मी नीट बघितलं. तरी ती पळताना...

मी ऐकलं. तुम्ही नका विश्वास ठेवू. मी ऐकलं.

ती माझ्यापुढे दोन हातांवर थांबली. वाकली. गुडघ्यांवर हात ठेवले.

"गेली साहेब," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. "मी पोचले तवर गेली. परत पाठवता का?"

मी अंगणाबाहेर गेलो आणि अमोलला फोन लावला. माझा तो उचलतो. म्हटलं, "अमोल, ती पळतेय रे. पाय बघवत नाहीत तिचे. ते तिकीट परत घे. काही कर, पण घे."

पलीकडे त्याने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मी घेतलंच असतं," तो म्हणाला. "पण राजीनामा दिला की लॉगिन बंद करतात रे. आता मला ते तिकीट दिसतच नाही. माझ्या हातात काही नाही."

आवाजात वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं. पण त्याच्याखाली, मी त्याला चड्डीत असल्यापासून ओळखतो, त्याच्याखाली सुटका होती. लॉगिन बंद होणार हे त्याला राजीनामा देताना माहीत नव्हतं, असं मला कुणी सांगू नये.

मी फोन ठेवला. परत दारापाशी आलो, नवसाबाईंचा निरोप घ्यायला. हर्षाली पुन्हा पळत आली. माझ्यासमोर थांबली. धापा टाकत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कुणीतरी काहीतरी सांगेल, कुणीतरी आता बस म्हणेल, अशी.

तोंडातून 'बस' जरी निघालं तरी ते कुणाला ऐकू जाईल आणि मग काय माझ्या नावावर येईल, हा विचार माझ्या मनात आला. आला, हे मी कबूल करतो.

ती अर्धा मिनिट थांबली. मग वळली आणि पळत सुटली.